बिल्डर गेला, आता सोसायटी कोण चालवणार?

शालेय पाठ्यपुस्तकांवरून दर दोन-तीन वर्षांनी एक वाद पेटतोच. कुठला धडा काढला, कुठला घुसवला, कुणाचं नाव गाळलं. वाद बहुतेक वेळा इतिहासाचा असतो. टीव्हीवर रात्री नऊच्या चर्चेत माणसं एकमेकांच्या अंगावर येतात ती सोळाव्या-सतराव्या शतकावरून. पण त्याच पुस्तकाच्या मागच्या पानांत एक बारकासा विषय अंग चोरून बसलेला असतो, नागरिकशास्त्र. त्याच्यासाठी कुणी गळा काढत नाही. आमच्या वेळी सर सरळ सांगायचे, 'ते घरी वाचून घ्या.' आम्ही घरीही वाचलं नाही.

परवा माझी सहावीतली भाची गृहपाठ करता करता म्हणाली, "ए मामा, गणपूर्ती म्हणजे काय रे? आणि नुसती व्याख्या नको सांगू, ती पुस्तकात आहे." सभा चालायला निदान किती माणसं हजर हवीत ती संख्या, असं मी तिला समजावलं, पण डोक्यात एक वेगळाच प्रश्न राहिला. हा विषय इतका बिनमहत्त्वाचा असेल, तर गेल्या शतकात परकी सत्तेतून सुटलेल्या देशांमधल्या सरकारांनी एकामागून एक याच विषयाची पुस्तकं घाईघाईने का लिहून घेतली? भारत, टांझानिया, इंडोनेशिया, सिंगापूर, सगळ्यांनीच. त्यांना त्यातून काय हवं होतं, आणि ते मिळालं का?

आधी दोन शब्द सुटे करू

'राज्य' आणि 'राष्ट्र' हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. इथे ते जरा वेगळे ठेवावे लागतील. राज्य म्हणजे यंत्रणा: सरहद्द, सरकार, पोलीस, कोर्ट, कर. राष्ट्र म्हणजे त्या सरहद्दीच्या आत राहणाऱ्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांना 'आपण सगळे एक' असं वाटणं. राज्य एका रात्रीत हातात येऊ शकतं. राष्ट्राचं तसं होत नाही.

नव्या सोसायटीचं उदाहरण घ्या. बिल्डरने प्लॉट घेतला, स्वतःच्या फायद्याच्या हिशेबाने भिंती घातल्या, फ्लॅट विकले. राहायला आलेली माणसं ओळखीची नाहीत. कुणी साताऱ्याचं, कुणी सुरतेचं, कुणाकडे मासे शिजतात, कुणाला त्या वासाने मळमळतं. मग एक दिवस बिल्डर कागदपत्रं टेबलावर ठेवून निघून जातो. इमारत उभी असते, लिफ्ट चालू असते, पाण्याचा पंप असतो. नसते ती सोसायटी. नोंदणीचा कागद निघाला तरी वरच्या मजल्याची गळती ही खालच्याचीही अडचण आहे, हे कुणाला पटलेलं नसतं.

युरोपीय सत्तांनी आफ्रिका-आशियातले देश साधारण असेच बांधले. सीमा त्यांच्या सोयीच्या, आत कोंबलेली माणसं नाना भाषांची नि जमातींची. आणि बिल्डरचा एक जुना धंदा असतो, रहिवासी एकत्र येऊ नयेत यासाठी ए विंगला बी विंगविरुद्ध लावून द्यायचं. साहेबाने तेही केलं. निघून जाताना त्याने मागे राज्य ठेवलं, राष्ट्र ज्याचं त्याने जमवायचं होतं. हे जमवण्याच्या खटाटोपाला राष्ट्रउभारणी म्हणतात आणि त्यासाठी शाळेत जे शिकवलं जातं त्याला नागरिकशिक्षण. व्याख्या इथेच संपल्या.

पहिलं पुस्तक प्रजेसाठी होतं

मजा अशी की हा विषय स्वतंत्र भारताने शोधलेला नाही. तो साहेबाच्याच सामानातून राहिला.

विल्यम ली-वॉर्नर हा मुंबई इलाख्यातला आयसीएस अधिकारी. त्याने १८९७ साली हिंदुस्थानातल्या शाळांसाठी 'द सिटिझन ऑफ इंडिया' नावाचं पुस्तक लिहिलं. सालाकडे जरा लक्ष द्या. याच वर्षी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरून लोक भडकले होते, रँडचा खून झाला आणि टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला चालला. अशा वर्षी शाळकरी पोरांच्या हातात 'नागरिक' नावाचं पुस्तक आलं. त्यातली कारभाराची माहिती रीतसर होती. पण सूर असा, की एवढं सुंदर राज्य लाभलंय, रस्ते आहेत, टपाल आहे, न्याय आहे, तर नीट वागा. नावात नागरिक असला तरी हवी होती ती समजूतदार प्रजा.

प्रजा आणि नागरिक यांतला फरक सोपा आहे. प्रजेला नियम माहीत असावे लागतात. नागरिकाला तो नियम कुणी केला, का केला आणि बदलायचा झाला तर कुठे जायचं, हेही माहीत असावं लागतं.

स्वातंत्र्यानंतर पुस्तकावरचा राजा-राणीचा फोटो गेला आणि तिरंगा आला. पण सांगाडा बराचसा तोच राहिला. ग्रामपंचायतीत किती सदस्य, पंचायत समितीचा प्रमुख कोण, जिल्हाधिकाऱ्याची कामं कोणती. कारभाराची शिडी पाठ करायची आणि शेवटी चांगल्या नागरिकाची लक्षणं लिहायची: कर वेळेवर भरतो, रांगेत उभा राहतो, सार्वजनिक मालमत्तेची नासधूस करत नाही. यातलं काहीच चुकीचं नाही. पण यातलं प्रत्येक वाक्य १८९७ सालीही चाललं असतं! २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने हे उघड मान्य केलं, की हा विषय जन्माला आला तोच मुळी लोकांची ब्रिटिश राजवटीवरची निष्ठा ढळत असताना, आणि आज्ञापालनावरचा त्याचा भर तिथून आलेला आहे. म्हणून केंद्राच्या पुस्तकांतून 'सिव्हिक्स' हे नाव गेलं, 'सामाजिक आणि राजकीय जीवन' आलं. आपल्या बालभारतीत सहावी ते आठवी 'नागरिकशास्त्र' आहे, नववी-दहावीला त्याचं राज्यशास्त्र होतं.

"अमक्याची बायको" एवढंच नाव

आता १९५१ सालात, देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीकडे जाऊ, कारण नागरिक नावाची वस्तू घडवणं म्हणजे नेमकं काय, ते तिथे अगदी जवळून दिसतं.

संविधान लागू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. देशात साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास. आणि मतदार? १७ कोटींहून जास्त. एकवीस वर्षांवरचा प्रत्येक माणूस, पुरुष-बाई, गरीब-श्रीमंत, सगळ्यांना एकदम मत. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन हे मूळचे गणिताचे विद्यार्थी, आणि गणित फार अवघड होतं. वाचता न येणारा माणूस नाव वाचून मत कसं देणार? म्हणून प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह, आणि मतदाराने आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. या पोलादी पेट्यांपैकी १२ लाखांहून जास्त विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या.

पण खरी अडचण पेटीपाशी नव्हती, यादीपाशी होती. यादी करायला माणसं दारात गेली, तेव्हा लाखो बायांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. परक्या पुरुषाला नाव सांगायचं नाही, ही रीत. सेन यांनी कडक भूमिका घेतली: स्वतःचं नाव नसेल तर यादीत जागा नाही. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं अशी यादीबाहेर राहिली. त्यांच्यावर तो अन्यायच झाला. पण पुढच्या खेपेला हे चित्र पालटू लागलं. माझ्या मते भारतातला नागरिकशास्त्राचा पहिला मोठा धडा हा शाळेत झालाच नाही, तो या उंबरठ्यांवर झाला: सरकारदरबारी तुझी ओळख नवऱ्याकडून येत नाही, तुझं स्वतःचं नाव सांग.

हे सगळं आपोआप होईल असं संविधान लिहिणाऱ्यांनाही वाटत नव्हतं. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना बजावलं होतं, की संविधानाला धरून वागण्याची वृत्ती माणसात जन्मजात नसते, ती जोपासावी लागते. आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे. भारतातली लोकशाही हा मुळात लोकशाही नसलेल्या जमिनीवर वरून पसरलेला थर आहे, अशा अर्थाचं त्यांचं वाक्य प्रसिद्धच आहे. जमिनीचा कस बदलायचा तर दरवर्षी खत घालावं लागतं. नाहीतर एका पावसाळ्यात थर धुऊन जातो.

किलिमांजारोच्या दोन बाजू

"हे सगळं ठीक. पण शाळेत शिकवून देश खरंच जुळतो का? पुरावा आहे?" शंका रास्त आहे. माणसांवर असा प्रयोग करता येत नाही. अर्ध्या देशाला नागरिकशास्त्र शिकवा आणि अर्ध्याला नको, मग पाहू, असं कोण करणार? पण पूर्व आफ्रिकेत इतिहासाने जवळपास असा प्रयोग केला.

केनिया आणि टांझानिया यांच्यामधली सीमा नकाशात पाहा. व्हिक्टोरिया सरोवरापासून समुद्राकडे पट्टीने आखलेली रेघ, फक्त किलिमांजारो डोंगरापाशी एक वळसा. ही रेघ १८८०-९० च्या सुमारास इंग्रज आणि जर्मनांनी वाटणीसाठी मारली. दोन्हीकडे लोक सारख्याच प्रकारचे, शेतं तशीच, गरिबीही तशीच. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनांकडची बाजू, म्हणजे टांगानिका, हीही इंग्रजांकडे आली. टांगानिका १९६१ साली स्वतंत्र झाला (१९६४ साली झांझिबारशी जोडून टांझानिया बनला), केनिया १९६३ साली. दोन्हीकडे अनेक जमाती. टांझानियात तर शंभराहून जास्त.

फरक पडला तो पुढे. टांझानियाचे पहिले अध्यक्ष ज्युलियस न्यरेरे पेशाने शिक्षक. लोक त्यांना 'म्वालिमू' म्हणत, म्हणजे स्वाहिलीत गुरुजी. गुरुजींनी खरोखर देशाचाच वर्ग भरवला. प्राथमिक शिक्षण स्वाहिलीतून, जी कुठल्याही एका मोठ्या जमातीची मक्तेदारी नव्हती. जमातीच्या वंशपरंपरागत सरदारांची सत्ता काढून घेतली. १९६७ साली त्यांनी स्वावलंबनासाठी शिक्षण असं धोरण मांडलं. त्यात शाळेला शेत असावं, मुलांनी तिथे कामही करावं, असा आग्रह होता. शाळेत 'सियासा' नावाचा विषय आला. शब्द ओळखीचा वाटतो ना? आपली 'सियासत' आणि त्यांची 'सियासा' एकाच अरबी मुळाच्या. (गुरुजींचा उत्साह एवढा, की राज्यकारभार सांभाळता सांभाळता त्यांनी शेक्सपिअरचं 'ज्युलियस सीझर' स्वाहिलीत आणलं.) केनियात मात्र राजकारण जमातींच्या गणितावर चाललं. कोणाचा माणूस अध्यक्ष, त्यावर कोणाच्या भागात रस्ता, हे ठरायचं.

एडवर्ड मिगेल या अर्थशास्त्रज्ञाने सीमेच्या दोन बाजूंचे दोन ग्रामीण जिल्हे घेतले, केनियातला बुसिया आणि टांझानियातला मेआटू. २००४ साली त्याने आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्याने पाहिलं काय, तर अगदी साधी गोष्ट. गावातले लोक गावच्या शाळेसाठी वर्गणी किती काढतात, विहीर नीट ठेवतात का. केनियाच्या बाजूला जिथे अनेक जमाती एकत्र राहत होत्या, तिथे शाळेसाठी निघणारी वर्गणी कमी पडायची. 'त्यांच्या पोरांसाठी आम्ही का?' टांझानियात तसं दिसलं नाही. मिश्र वस्ती असली तरी शाळा उभी राहत होती.

सोसायटीच्या भाषेत सांगायचं तर एका इमारतीत मेंटेनन्स सगळे भरतात, दुसऱ्या इमारतीत बी विंगवाले म्हणतात, लिफ्ट ए विंगची, आम्ही पैसे का द्यायचे? इमारती सारख्याच.

याचं सगळं श्रेय एका शालेय विषयाला देता येणार नाही. भाषा, निधीचं वाटप, स्थानिक संस्था, सगळं मिळून ते घडलं. पण शाळा त्यातला मोठा वाटेकरी होती.

म्हणजे हे ब्रेनवॉशिंगच ना?

न्यरेऱ्यांचं कौतुक वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील, आणि जायलाच हव्यात. टांझानियात १९९२ पर्यंत एकच पक्ष होता. सियासाच्या तासाला एकीबरोबर त्या पक्षाचं धोरणही शिकवलं जायचं. सत्तरच्या दशकात लोकांना जुनी घरं सोडून नव्या सामुदायिक गावांत हलवलं गेलं, अनेकांना जबरदस्तीने, आणि शेतीचं नुकसान झालं. तेव्हा 'गुरुजी, हे चुकतंय' असं वर्गात म्हणण्याची सोय नव्हती. बहुपक्षीय राजवट आल्यावर सियासा हा विषय गेला आणि त्या जागी 'उराइया' म्हणजे नागरिकशास्त्र आलं.

इंडोनेशियाची गोष्ट याहून कडू. हजारो बेटं, शेकडो भाषा, आणि तरीही एक राष्ट्रभाषा त्यांनी रुजवून दाखवली. पण सुहार्तोंच्या राजवटीत 'पंचशील' या राष्ट्रीय तत्त्वांचे सक्तीचे वर्ग सुरू झाले. १९७८ पासून सरकारी नोकरांपासून विद्यार्थ्यांपर्यंत सगळ्यांना ते चुकत नव्हते. तत्त्वं चांगली होती, पण वर्गात त्यांचा अर्थ एकच उरला: सरकारच्या विरोधात बोलू नका. १९९८ साली विद्यार्थीच रस्त्यावर आले, सुहार्तो गेले आणि पाठोपाठ ते वर्गही गुंडाळले गेले. वीस वर्षं पाठ केलेलं एका झटक्यात रद्दीत!

मला या विषयाचं मर्म इथे दिसतं. नागरिकशिक्षणाची कामं दोन आहेत. एक, माणसांना जोडणं. दोन, त्यांना हिशेब मागायला शिकवणं. दोन्ही कामं एकाच पुस्तकावर सोपवलेली असतात, आणि पुस्तक छापतं कोण? ज्याच्याकडे हिशेब मागायचा तोच! सोसायटीच्या सेक्रेटरीने रहिवाशांसाठी माहितीपत्रक काढलं, तर त्यात 'गणपतीत एकत्र या' हे मोठ्या अक्षरात असेल आणि 'जमाखर्च तपासायचा हक्क' शेवटच्या पानावर बारीक टायपात. सेक्रेटरी वाईट माणूस असण्याची गरज नाही. तो फक्त सेक्रेटरी आहे.

आपल्याकडेही हे झालंय. मूळ संविधानात मूलभूत कर्तव्यांची यादी नव्हती. ती आली १९७६ साली ४२ व्या दुरुस्तीने, ऐन आणीबाणीत, जेव्हा हक्कच गुंडाळून ठेवले होते. दहा कर्तव्यं होती, २००२ साली अकरावं आलं. कर्तव्यं वाचली तर त्यात वावगं काही सापडत नाही. त्यातली एक तर मला फार आवडते: वैज्ञानिक दृष्टी आणि शोधक बुद्धी अंगी बाणवणं. पण यादी कुठल्या वर्षी आली, हे आमच्या वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा ब्रेनवॉशिंग आहे का? जोडणं शिकवलं आणि विचारणं दाबलं, तर हो. नुसतं विचारणं शिकवलं आणि जोडणं सोडून दिलं, तर सभेत आरडाओरडा भरपूर होतो, पण वर्गणी कुणी काढत नाही.

पाठ करून काय होतं?

आपण सगळ्यांनी रोज सकाळी प्रतिज्ञा म्हटली आहे. उजवा हात पुढे, पुढच्याच्या पाठीत हळूच कोपर. ती लिहिली पायडिमर्री वेंकट सुब्बा राव यांनी, १९६२ साली, तेलुगूत. ते विशाखापट्टणमला जिल्हा कोषागार अधिकारी होते, म्हणजे ट्रेझरीतला माणूस. २६ जानेवारी १९६५ पासून ती देशभरच्या शाळांत आली. महाराष्ट्रात २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून संविधानाच्या उद्देशिकेचं वाचनही परिपाठात सक्तीचं करण्यात आलं. तसा आदेश २०१३ मध्येच निघाला होता, पण तो पाळला गेला नाही, म्हणून पुन्हा काढावा लागला.

"पोपटपंची आहे ही," असं म्हणणारे बरेच भेटतात. मी तितका कडक नाही. सगळ्या देशातली पोरं आपापल्या भाषेत एकच वाक्य म्हणतात, याचा काहीतरी संस्कार होत असणार. पाढेही आपण आधी पाठच केले, अर्थ मागाहून लागला.

पण पाढ्यांचा अर्थ लागला तो किराणावाल्याकडे सुटे पैसे मोजताना. नागरिकशास्त्राची तशी उजळणी कुठे होते? पोर शाळेत 'सारे भारतीय माझे बांधव' म्हणतं आणि घरी येताना ऐकतं, की अमक्या वस्तीत खेळायला जायचं नाही. पोषण आहाराच्या पंगतीत कोण कुठे बसतं ते त्याला दिसतं. पुस्तकात 'लोकशाही' आहे आणि वर्गाचा मॉनिटर सरांनी नेमलाय. मूल या दोन्हींतून शिकतं, आणि डोळ्यांनी पाहिलेलं जास्त टिकतं.

शाळांमध्ये हल्ली शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुका होतात. अर्ज भरणं, चिन्हं, गुप्त मतदान, शाईसुद्धा. कल्पना उत्तम. फक्त निवडून आलेल्या आरोग्यमंत्र्याला मुतारीला पाणी का नसतं, हे मुख्याध्यापकांना विचारता यायला हवं. नाहीतर पोरं नेमकं तेच शिकतात जे शिकायला नको: निवडणूक धूमधडाक्यात करायची, नंतर पुढच्या निवडणुकीपर्यंत गप्प बसायचं.

शिकलेलेच मत देत नाहीत, त्याचं काय?

हा टोला नेहमीचा आणि खरा. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोली-चिमूर मतदारसंघात सुमारे ७२ टक्के मतदान झालं, दक्षिण मुंबईत जेमतेम ५०. नागरिकशास्त्रात चांगले मार्क मिळवलेली माणसं कुठे जास्त राहतात, ते सांगायला नको. जंगलातून चालत, ऊन डोक्यावर घेऊन मतदान केंद्र गाठणारा माणूस आणि लिफ्टने खाली न उतरणारा माणूस, दोघांत नागरिक कोण?

म्हणजे शिक्षण निरुपयोगी, असं यातून निघत नाही. ज्याचं काम सरकारशिवाय अडत नाही तो मताला किंमत देतो. ज्याने पाण्याला टँकर, विजेला इन्व्हर्टर, मुलांना खासगी शाळा अशी स्वतःची छोटी सरकारं विकत घेतली आहेत, त्याला मोठ्या सरकारची आठवण खड्ड्यात गाडी आपटल्यावरच येते.

बांबू झाड की गवत?

आणि गडचिरोलीचा विषय निघालाच आहे, तर मेंढा-लेखाला गेल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. धानोरा तालुक्यातलं हे गोंड आदिवासींचं छोटं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा पुष्कळांनी ऐकली असेल. गोंडीत 'मावा नाटे मावा राज'. घोषणा सगळेच देतात. या गावाचं वेगळेपण तिच्यामागच्या दोन सवयींत आहे.

पहिली सवय ग्रामसभेची. इतरत्र ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली जी संख्या कमी असेल ती. तेवढीही भरत नाही, मग सभा तहकूब करायची आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, म्हणून उरलेल्या चार टाळक्यांत ठराव मंजूर. (हसू नका, आपल्या सोसायटीची वार्षिक सभाही अर्धा तास तहकूब होऊन त्याच जागी, त्याच सात माणसांत होते.) मेंढ्यात निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने घेतात. एकाला पटलं नसेल तर विषय पुढे ढकलायचा, पुन्हा बोलायचं. वेळ लागतो. लागू दे.

दुसरी सवय अभ्यासगटाची. गावकरी आणि बाहेरचे मित्र एकत्र बसतात आणि एखादा विषय समजून घेतात. कायदा, जंगल, मध, काहीही. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही पद्धत रुजवली. अट एक, अभ्यासगटात निर्णय घ्यायचा नाही, फक्त समजून घ्यायचं. निर्णय ग्रामसभेचा. शिकणं आणि ठरवणं यांच्यात एवढी स्वच्छ रेघ मी दुसरीकडे पाहिली नाही.

याचा उपयोग कसा झाला ते पाहा. वनहक्क कायदा २००६ साली झाला. मेंढ्याला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल, गावाचा. बांबू गावाचा की सरकारचा? वनविभागाचं म्हणणं, १९२७ च्या वन कायद्यात बांबू हे झाड आहे, म्हणून तो आमचा. गावाने नव्या कायद्याची व्याख्या काढली. तिथे गौण वनोपजाच्या यादीत 'बांबू' हा शब्द सरळ लिहिलेला. तरी वाहतूक परवाना मिळेना, आणि परवान्याशिवाय बांबू गावाबाहेर नेला तर चोरी. गाव व्याख्येवर अडून बसलं. अखेर २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हवाली केलं. आता परवाना ग्रामसभा फाडणार. वन कायद्यातली ती झाडाची व्याख्या २०१७ साली दुरुस्त झाली.

कारभाराची शिडी पाठ असणं आणि कायद्यातल्या एका शब्दावर बोट ठेवून उभं राहणं, यांतलं अंतर किती, ते या बांबूवरून मोजता येतं. आणि हे लोक जोडलेलेही होते. एखाद्या घराने ठेकेदाराशी परस्पर सौदा केला असता, तर व्याख्या कितीही बरोबर असून उपयोग नव्हता.

पुस्तकातला उपक्रम

भाचीच्या पुस्तकात धड्याखाली 'उपक्रम' नावाची चौकट असते. कार्यालयाला भेट द्या, माहिती मिळवा. ती चौकट बहुतेक शाळांत वगळली जाते, कारण त्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही. यंदा सुट्टीत आम्ही ती पाळायची ठरवली आणि शहरातल्या एका कार्यालयात गेलो. साहेब मीटिंगला गेले होते. समोरच्या बाईंनी "काय काम आहे?" विचारलं, "काही नाही, बघायला आलोय" म्हटल्यावर त्यांनी आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं की मीच जरा ओशाळलो.

भाचीला त्याचं काही नव्हतं. भिंतीवर पंख्यामागे एक फलक होता, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. खाली रकाने: कोणती सेवा, किती दिवसांत, कोणता अधिकारी देणार, नाही दिली तर अपील कुणाकडे. अर्ध्या फलकासमोर कपाट उभं केलेलं. ती कपाटाच्या बाजूने मान वाकडी करून वाचत होती.

"मामा, मालमत्ता कराचा उतारा तीन दिवसांत मिळतो."

"हो का?"

"तुला किती दिवसांनी मिळाला होता?"

मला तो चौथ्या फेरीला, एका ओळखीच्या माणसाच्या फोनने मिळाला होता. मी म्हटलं, "बरेच दिवस लागले."

"मग तू अपील केलंस का?"

मी काही बोलायच्या आत ती पुन्हा कपाटाकडे वळली. शेवटचा रकाना कपाटाआड होता. तिने समोरच्या बाईंना विचारलं, "हे थोडं सरकवता येईल का?" बाईंनी एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि शिपायाला हाक मारली.